कॉम्प्युटर व्हिजनमध्ये संशोधन करणारे प्राध्यापक व्हायचंय? मग शेवटाकडून सुरुवात करा

पंधरा-वीस दिवसांनी एखादा मेल येतोच. ‘मॅडम, एआयमध्ये पीएच.डी. करून आयआयटीत शिकवायचंय, कोणता कोर्स करू?’ कोर्सबद्दल सगळे विचारतात. ‘माझ्या कामाबद्दल दोन पानं पत्र कोण लिहील?’ असं आजवर कुणी विचारलेलं नाही. आणि नोकरी मिळते की नाही, ते बहुतेक वेळा त्या दोन पानांवर ठरतं.

माझा विषय कॉम्प्युटर व्हिजन, म्हणजे संगणकाला प्रतिमा ‘बघायला’ शिकवणं. माझा रस्ता सरळ नव्हता. वाईजवळच्या गावातून पुण्याला आले, ई अँड टीसीत बी.ई. केलं, एका खासगी कॉलेजात तीन वर्षं शिकवलं. मग गेट ही प्रवेशपरीक्षा, एम.टेक., जुन्या कागदपत्रांच्या प्रतिमांवर पीएच.डी., युरोपात दोन वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम, आणि आता एका केंद्रीय संस्थेत सहायक प्राध्यापक. गेट द्यायचं ठरवल्यापासून रुजू होईपर्यंत ११ वर्षं गेली. त्यातली दोन तरी निव्वळ माहिती नसल्यामुळे गेली. ती तुमची जाऊ नयेत म्हणून हा खटाटोप.

१. आधी ठरवा, कुठला प्राध्यापक व्हायचंय

नाव एकच असलं तरी नोकऱ्या तीन आहेत.

खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात बी.ई. आणि एम.ई., त्यातल्या एकात प्रथम वर्ग, एवढ्यावर सहायक प्राध्यापक होता येतं. नेट-सेट लागत नाही. पण तिथे तुमचा दिवस लेक्चर, प्रॅक्टिकल, नॅक आणि एनबीएच्या मूल्यांकनाच्या फाइली यांत जातो आणि उन्हाळ्यात अॅडमिशनच्या टेबलावर बसावं लागतं. संशोधन करायचं ते रात्री दहानंतर.

राज्य विद्यापीठात आणि अनुदानित कॉलेजात सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं आणि यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवावं लागतं. अडचण अशी की जागा निघतात कमी. अनेक जण तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, वर्षानुवर्षं काढतात. ही वर्षं पुढे अनुभव म्हणून धरली जातीलच असं गृहीत धरू नका. मी सीएचबी करणाऱ्यांना नावं ठेवत नाही, त्यांच्या जिवावर कितीतरी विभाग चाललेत. पण ‘इथूनच पुढे आयआयटीत जाईन’ हा हिशेब सहसा जुळत नाही.

तिसरी नोकरी म्हणजे आयआयटी, एनआयटी, आयआयएससी, आयसर, आयआयआयटी. इथे सत्राला साधारण एक विषय शिकवायचा आणि बाकीचा वेळ संशोधन, विद्यार्थी आणि प्रकल्पांना द्यायचा. आयआयटीत पीएच.डी.नंतर तीन वर्षांचा अनुभव असेल तर सहायक प्राध्यापक ग्रेड १, लेव्हल १२, मूळ वेतन १,०१,५००. अनुभव कमी असेल तर ग्रेड २, तेही कंत्राटावर. इथून पुढे जे लिहिलंय ते या तिसऱ्या नोकरीबद्दल आहे.

२. पाया: गणित, आणि एखाद्या लॅबमधलं एक वर्ष

रेषीय बीजगणित आणि संभाव्यता हातात बसल्याशिवाय पुढे जाऊ नका. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानांच्या साइटवर दोन्ही फुकट आहे. कॅमेऱ्याची भूमिती, म्हणजे दोन फोटोंवरून तिसरी मिती कशी काढतात तेही शिका. डीप लर्निंग आल्यापासून नवी मुलं ती टाळतात आणि मुलाखतीत नेमकी तिथेच अडकतात.

गेट कॉम्प्युटर सायन्समधून द्या किंवा २०२४ पासून सुरू झालेल्या ‘डेटा सायन्स अँड एआय’ या पेपरमधून. गुण तीन वर्षं चालतात. अर्ज करण्याआधी त्या विभागाला कोणता पेपर चालतो ते बघून घ्या.

आणि एक वाट जाहिरातीत दिसत नाही, ती म्हणजे प्रोजेक्ट स्टाफची. जवळजवळ प्रत्येक आयआयटीत प्राध्यापकांच्या प्रकल्पांवर वर्षा-दीड वर्षासाठी माणसं घेतात. पगार बेताचा असतो, पण संशोधन आपल्याला झेपतं का हे पीएच.डी.ची पाच वर्षं न घालवता कळतं. बेंगळुरूला मायक्रोसॉफ्ट रिसर्चची रिसर्च फेलोशिप आणि गुगलचा प्री-डॉक्टरल कार्यक्रमही याच कामाचे.

३. गाइड निवडा, संस्था नंतर

भारतात या विषयाची जुनी घराणी आहेत. हैदराबादच्या आयआयआयटीतलं सीव्हीआयटी हे केंद्र, कोलकात्याच्या आयएसआयमधलं (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) कॉम्प्युटर व्हिजन अँड पॅटर्न रेकग्निशन युनिट, पवईतल्या आयआयटीचे इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर सायन्स विभाग, बेंगळुरूचं आयआयएससी. सीव्हीआयटीत सी. व्ही. जवाहर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय भाषांच्या मजकूर-ओळखीवर वर्षानुवर्षं काम केलंय, ते देवनागरीवाल्यांनी तरी बघायलाच हवं.

पण संस्थेच्या नावावर भाळू नका. गाइडच्या पेपरांची यादी काढा आणि तीन गोष्टी शोधा. पहिलं नाव विद्यार्थ्याचं असतं का? जुने विद्यार्थी आज कुठे आहेत? सरासरी किती वर्षांत बाहेर पडतात? मग दोन माजी विद्यार्थ्यांना फोन करा. मेल नको, फोनच. ‘सर चांगले आहेत’ असं म्हणून माणूस मधेच दोन सेकंद थांबला, तर ते दोन सेकंद ऐका.

पैशांचं बोलायचं तर २०२३ पासून जेआरएफ (पहिल्या दोन वर्षांची संशोधनवृत्ती) महिन्याला ३७,००० आणि एसआरएफ (त्यानंतरची) ४२,००० आहे. पंतप्रधान संशोधन फेलोशिपमध्ये पहिली दोन वर्षं ७०,०००. कुठल्या योजनेचे पैसे दर महिन्याला येतात आणि कुठले चार-चार महिने अडकतात, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. घरभाडं थांबत नाही.

सापळा: नोकरी सांभाळून कुठल्याही विद्यापीठात केलेली एक्स्टर्नल पीएच.डी. बढतीसाठी चालते. केंद्रीय संस्थेच्या निवड समितीपुढे ती क्वचितच टिकते. मी एक वर्ष अशी नोंदणी करून ठेवली होती. मग रद्द केली, आणि फी परत मिळाली नाही.

४. स्वतःचा प्रश्न

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबते.

२००९मध्ये इमेजनेट हा फोटोंचा प्रचंड संग्रह आला, २०१२मध्ये अॅलेक्सनेट या डीप लर्निंग मॉडेलने त्यावरच्या स्पर्धेत बाकीच्यांना मागे टाकलं, आणि तेव्हापासून हा विषय ज्याच्याकडे जास्त जीपीयू (अशी मॉडेलं चालवणारी कार्डं) त्याचा झाला, असं सगळे म्हणतात. निम्मं खरं आहे. मोठ्या कंपनीच्या मॉडेलपेक्षा अर्धा टक्का जास्त अचूकता मिळवायच्या शर्यतीत तुम्ही उतरलात तर हरणारच. तुमच्याकडे चार कार्ड, त्यांच्याकडे गोदाम.

मी तेच करत होते. पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं इंग्रजी पाट्यांवरचा मजकूर ओळखण्यात घातली. प्रत्येक वेळी पेपर लिहून होईपर्यंत कुणीतरी पुढे गेलेलं असायचं.

आमच्या घरी वतनाचा एक मोडी कागद होता. लहानपणी तो वाचायला साताऱ्याहून एक जाणकार यायचे, चष्मा कपाळावर चढवून कागद नाकापाशी धरायचे. एका दिवाळीला तो कागद पुन्हा हातात आला आणि मी पहिल्यांदा त्याच्याकडे प्रतिमा म्हणून पाहिलं. मोडी लिहिणारा आधी अख्खी शिरोरेषा ओढतो आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जातो. दोन शब्दांत जागा नाही. लेखणी शक्यतो उचलायची नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. आणि आमच्या सगळ्या पद्धतींची पहिली पायरी काय होती? ओळीचे शब्द वेगळे करा. इथे वेगळं करायला काही नव्हतंच. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे रुमालच्या रुमाल पडलेत, म्हणजे फडक्यात बांधलेले गठ्ठे, आणि ते वाचू शकणारी माणसं मोजकी.

पुढची तीन वर्षं मी फक्त शब्द न तोडता ओळ कशी वाचायची यावर घालवली. कार्ड दोनच होती, ती पुरली. कारण अडचण गणनशक्तीची नव्हती, गृहीतकाची होती.

तुम्ही मोडीच घ्या असं म्हणत नाही. द्राक्षावरचा डाऊनी रोग घ्या, लोकलच्या फलाटावरची गर्दी घ्या, आरोग्य केंद्रातला एक्स-रे घ्या. कसोटी एकच: चालू पद्धत इथे का कोसळते, ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ‘भारतीय डेटावर अजून कुणी केलेलं नाही’ हे त्याचं उत्तर नव्हे. हे वाक्य मी आता विद्यार्थ्यांच्या सिनॉप्सिसमधून दर वर्षी खोडते.

५. पेपर कुठे पाठवायचे

या विषयात परिषदा जर्नलपेक्षा वरचढ आहेत. मोठ्या परिषदा तीन: सीव्हीपीआर दर वर्षी, आयसीसीव्ही विषम वर्षी, ईसीसीव्ही सम वर्षी. शिवाय मशीन लर्निंगच्या न्यूरिप्स, आयसीएमएल, आयसीएलआर. त्याखालोखाल डब्ल्यूएसीव्ही आणि बीएमव्हीसी. जर्नलमध्ये पॅमी आणि आयजेसीव्ही. देशात १९९८ पासून आयसीव्हीजीआयपी ही परिषद होते. पहिला पेपर तिथे टाका. तिथे भेटणारी माणसं पुढे सहाव्या पायरीला उपयोगी पडतात.

२०२५च्या सीव्हीपीआरला १३,००८ पेपर आले, २,८७८ घेतले. म्हणजे पाचांतले जवळजवळ चार परत. माझा मोडीचा पेपर दोनदा परत आला. रिबटलला, म्हणजे परीक्षकांच्या (रिव्ह्यूअरच्या) आक्षेपांना उत्तर द्यायला, तिथे एकच पान मिळतं. पहिल्या वेळी मी ते पान रिव्ह्यूअर क्रमांक २ कसा चुकलाय हे सांगण्यात घालवलं. तिसऱ्या वेळी त्याने मागितलेला प्रयोग रात्रभर जागून केला, चार आकड्यांचा तक्ता टाकला आणि वर दोन ओळी लिहिल्या. पेपर गेला.

इथले सापळे:

‘तीन दिवसांत स्वीकृती’ असा मेल आला की डिलीट करा. पैसे भरून छापलेले दहा पेपर सीव्हीत असले की समिती उरलेले दोन चांगलेही संशयाने बघते. यूजीसीने २०२५मध्ये मान्य जर्नलांची केअर यादी बंद केली, त्यामुळे ‘यादीत आहे’ ही ढालही गेली.

परिषदेला जोडून होणाऱ्या वर्कशॉपमधला पेपर मुख्य परिषदेतला म्हणून लिहू नका. समितीत एक जण तरी तिथे गेलेला असतो.

एकच पेपर एका वेळी दोन ठिकाणी पाठवला तर दोन्हीकडून बाद.

अमेरिकेत परिषद असेल तर पेपर स्वीकारल्याचं कळल्याबरोबर व्हिसाची तारीख बघा. बॅगा भरून तयार आणि मुलाखतीची तारीख परिषदेनंतरची, असं आमच्या लॅबमध्ये दोघांचं झालंय.

६. पत्रं

अर्जात तीन ते पाच संदर्भ मागतात. संस्था त्यांना थेट लिहिते, तुम्हाला पत्र दिसतही नाही.

पहिल्या फेरीत मी माझ्या जुन्या कॉलेजातल्या एका मोठ्या पदावरच्या सरांचं नाव दिलं होतं. पद मोठं, म्हणून वजन पडेल असं वाटलं. त्यांनी प्रेमाने लिहिलं की मुलगी कष्टाळू, प्रामाणिक आणि मनमिळाऊ आहे. वजन पडलं, पण उलट्या पारड्यात. अशा पत्रावरून समिती एवढंच समजते की या बाईंचं काम माहीत असलेलं तिसरं माणूस मिळालं नाही.

लागतात अशी माणसं: एक गाइड, एक पोस्टडॉकचे यजमान, आणि किमान एक जण ज्याच्याबरोबर तुमचा एकही पेपर नाही. हा तिसरा माणूस आयत्या वेळी मिळत नाही, तो पाच वर्षं आधी जोडावा लागतो. कसा? त्याच्या पेपरातला प्रयोग तुमच्या डेटावर चालवा, जिथे अडेल तिथे नेमका प्रश्न विचारा. तुमचा कोड आणि डेटा चालेल अशा स्थितीत खुला ठेवा. परिषदेत पोस्टरपाशी उभं राहून बोला. माझं तिसरं पत्र ज्यांनी लिहिलं, त्यांनी माझ्या डेटासेटमधली एक चूक काढून मेल केला होता. मी आठवड्याभरात ती दुरुस्त करून त्यांच्या नावानिशी आभार छापले. ओळख तिथून झाली.

म्हणून म्हटलं, शेवटाकडून सुरुवात करा. आज वही काढा आणि पाच वर्षांनी पत्र लिहू शकतील अशी तीन नावं लिहा. तिसरी ओळ रिकामी राहील, राहू द्या. पुढच्या परिषदेला जाताना ती वही बरोबर न्या.

७. कागदपत्रं

संशोधनाची पाच वर्षं एका बाजूला आणि हा गठ्ठा एका बाजूला.

- दहावी ते पीएच.डी. सर्व गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रं; पीएच.डी.चं पदवीपत्र हाती नसेल तर प्रोव्हिजनल
- सीजीपीएचे टक्के करून देणारं विद्यापीठाचं पत्र
- अनुभव प्रमाणपत्रं, त्यात रुजू आणि कार्यमुक्तीच्या तारखा व पदनाम
- सरकारी नोकरीत असाल तर ना-हरकत प्रमाणपत्र
- सीव्ही, संशोधनाचा आराखडा, अध्यापनाचा आराखडा, निवडक पाच पेपर
- जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर किंवा ईडब्ल्यूएस, लागू असेल ते
- नाव बदललं असेल तर राजपत्र

आता यातल्या खाचाखोचा.

ओबीसी असाल तर केंद्रीय नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. सेतू केंद्रात नुसतं ‘नॉन-क्रीमी लेयर काढायचंय’ म्हटलं की राज्याचंच हातात पडतं. मला ते पडताळणीच्या टेबलावर कळलं. समोरच्या गृहस्थांनी दाखला उलटासुलटा केला आणि परत सरकवला. नशिबाने पंधरा दिवसांची मुदत मिळाली. शिवाय राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही, आधी तपासा. एसईबीसीचा, म्हणजे राज्याच्या मराठा आरक्षणाचा, दाखला केंद्रीय संस्थेत चालत नाही. निकषांत बसत असाल तर तिथे ईडब्ल्यूएस बघा, आणि तो ज्या आर्थिक वर्षाचा मागितलाय त्याच वर्षाचा काढा.

नावाचा घोळ तर आपल्याकडे घरोघरी. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, पदवीवर वडिलांचं नाव मधे, लग्नानंतर आधारवर तिसरंच. पहिला पेपर छापण्याआधी एक नाव पक्कं करा आणि मरेपर्यंत तेच छापा. माझे दोन पेपर माहेरच्या नावावर, बाकीचे सासरच्या. ते एकाच बाईचे आहेत हे सांगणारं प्रतिज्ञापत्र मी अजून बॅगेत घेऊन फिरते.

मूळ प्रमाणपत्रं कुठल्याही संस्थेकडे ‘जमा’ करू नका. दाखवा आणि परत घ्या. माझी एका कार्यालयाच्या कपाटात होती. ती सोडवायला तीन महिने आणि एका महिन्याचा पगार गेला.

८. अर्ज, सेमिनार, मुलाखत

बहुतेक आयआयटींची जाहिरात वर्षभर उघडी असते. अर्ज, विभागाची छाननी, सेमिनार, संदर्भपत्रं, मग संचालकांच्या अध्यक्षतेखालची निवड समिती आणि शेवटी नियामक मंडळाची मंजुरी. वर्ष सहज जातं. म्हणून पोस्टडॉक संपायच्या वर्षभर आधी सुरू करा, आणि एकाच संस्थेवर भिस्त ठेवू नका.

सेमिनारला समोर निम्मे लोक तुमच्या विषयातले नसतात. पहिली दहा मिनिटं त्यांच्यासाठी. समितीत मेकॅनिकलचे प्राध्यापक बसलेले असू शकतात, ‘जर्नल का नाहीत?’ हा प्रश्न येणारच. चिडू नका. परिषदेत किती पेपर येतात, किती घेतात, हे दोन आकडे सांगा आणि पुढे चला.

मला विचारलं गेलं, ‘तुमच्या मॉडेलने चुकवलेला एक कागद दाखवा.’ शेवटच्या स्लाइडनंतर मी एक ठेवला होता. मागच्या बाजूची शाई पुढे फुटलेली, आणि मॉडेलने ती उलटी अक्षरंही इमानदारीने वाचलेली. त्या एका कागदावर दहा मिनिटं गेली. का चुकलं, काय करून पाहिलं, पुढे काय करणार. उरलेल्या मुलाखतीत फारसं काही विचारलं नाही. तुमचाही असा एक कागद जवळ ठेवा.

९. परदेशात जायचं असेल तर

या विषयातले नावाजलेले संशोधक जितेंद्र मलिक यांनी कानपूरच्या आयआयटीतून १९८०मध्ये बी.टेक., १९८५मध्ये स्टॅनफर्डहून पीएच.डी. केली आणि १९८६मध्ये ते बर्कलीत शिकवू लागले. मधे पोस्टडॉक नाही. तो काळ गेला. आता अमेरिकेत जाहिराती साधारण ऑगस्ट-सप्टेंबरपासून येतात, बऱ्याच मुदती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संपतात, मुलाखती वसंतात. मिळालं तरी सहा-सात वर्षांनी टेन्युअरची, म्हणजे नोकरी कायम होते की नाही याची, टांगती तलवार. नवरा-बायको दोघंही या धंद्यात असतील तर दोघांना एका गावात नोकरी मिळणं हा वेगळाच संशोधनाचा विषय आहे. जेवढ्या लवकर विभागाला सांगाल तेवढं बरं, पण ऑफर हातात आल्यावर.

१०. रुजू झाल्यावर

पहिल्याच महिन्यात अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानच्या, म्हणजे पूर्वीच्या एसईआरबीच्या जागी आलेल्या एएनआरएफच्या, नवोदितांसाठीच्या अनुदानाचा अर्ज तयार करा. संस्थेचं सुरुवातीचं अनुदान वेगळं. जीपीयू स्वतः घ्यायच्या आधी जवळचं बघा: पुण्याच्या सीडॅकचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक, आणि २०२४मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या इंडिया-एआय मिशनमधून सवलतीत मिळणारे जीपीयूचे तास. घ्यायचंच ठरलं तर सरकारी खरेदीचं जेम पोर्टल, तीन कोटेशनं, तांत्रिक समिती, लेखा विभाग. स्पेसिफिकेशन लिहिताना पॉवर सप्लाय, रॅक आणि वॉरंटी शब्दाशब्दाने लिहा. जे लिहिलं नाही ते येत नाही.

माझा सर्व्हर आठ महिन्यांनी आला. खोली होती, एसी होता. पेटी उघडल्यावर कळलं की खोलीत १६ अँपिअरचा एकही सॉकेट नाही आणि लोड वाढवायला विद्युत विभागाची वेगळी मंजुरी लागते. दोन महिने तो चाळीस किलोचा सर्व्हर टेबलाखाली होता आणि मी त्यावर पाय ठेवून गुगल कोलॅबवर, म्हणजे गुगलच्या ऑनलाइन संगणकावर, काम करत होते. तेव्हा रुजू झाल्याच्या दिवशी ओळखपत्राच्या अर्जाबरोबरच विद्युत विभागाचाही अर्ज टाकून या. खोलीचा क्रमांक, किती किलोवॅट, किती सॉकेट. आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यायला विसरू नका.